बुडबुडा विसरलेली आकृती

पास्कलचा नियम शिकवताना ब्रेकची आकृती काढतात. तीत बुडबुडा कधीच नसतो. ‘हवा शिरल्यास दाब पोहोचत नाही’ हे नेहमीचे स्पष्टीकरणही सदोष आहे. दाब हवेतूनही पोहोचतो. परंतु पेडलने सरकवलेले तेल बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते. पेडल तळाला टेकते, तरी दाब पुरेसा वाढत नाही. धावपट्टीवर हे घातक.

अंधेरीजवळ १९२८ साली सुरू झालेल्या जुहू विमानतळावर फ्लाइंग क्लबची छोटी विमाने वर्षानुवर्षे उडाली. सेस्नासारख्या जुन्या विमानाच्या ब्रेकमधील हवा काढताना तेल बहुधा चाकाकडून वर, पेडलकडे ढकलतात. कारण बुडबुडे वरच जातात. आकृतीत हेही दाखवावे. पाणी भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडून, एकीचा दट्ट्या रोखून, बुडबुड्यासह व त्याविना विद्यार्थ्यांनी दुसरा दाबून पाहावा.