विषाणूजन्य काविळीतील घटीची कारणमीमांसा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

काविळीचे रुग्ण घटले की त्याचे श्रेय बहुधा लसीकरणास दिले जाते. ही मांडणी अपुरी आहे. राष्ट्रीय लसीकरणात २००२ पासून टप्प्याटप्प्याने आलेली लस प्रामुख्याने ‘बी’ प्रकारास आळा घालते. ‘सी’ प्रकारावर लस नाही. तेथे रक्ततपासणी, निर्जंतुक सुया आणि १९९८ पासूनची व्यावसायिक रक्तदानावरील बंदी महत्त्वाची ठरते. ‘ए’ व ‘ई’ हे प्रकार दूषित पाण्यातून पसरतात. दिल्लीतील १९५५-५६ ची साथ यमुनेच्या सांडपाणीमिश्रित पाण्यामुळेच उद्भवली होती.

१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या, ग्रामीणबहुल वाशीम जिल्ह्याबाबत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. सर्व प्रकार ‘कावीळ’ या एकाच नोंदीत मिसळल्यास घटीचे कारण हाती लागत नाही. ‘बी’ व ‘सी’ची लागण अनेकदा वर्षानुवर्षे लक्षणांविना राहते. याउलट, स्वच्छतेमुळे बालपणी ‘ए’ची लागण टळली, तरी प्रौढपणी तोच आजार अधिक तीव्र होतो. म्हणजे आकडा घटूनही धोका उरतो.

त्यामुळे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचे जिल्ह्यातील मूल्यमापन केवळ रुग्णसंख्येवरून न करता प्रकारनिहाय व वयोगटनिहाय होणे अगत्याचे आहे.