११२ क्रमांकाची सनई

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेतली कोणतीही बंदिश काढून पाहा. राग, ताल, मात्रांचे खण, स्वर आणि शब्द, एवढंच दिसेल. ती गळ्यातून यायची, पेटीवर काढायची की सनईवर फुंकायची, हे सांगायला त्या लिपीत जागाच नाही. हे त्या लिपीचं उणेपण नव्हे. स्वर कोणाकडेही जावेत आणि ज्याच्याकडे जातील त्याने ते आपल्या परीने उच्चारावेत, असंच त्यात गृहीत आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरलेखनात मात्र डाव्या समासात आधी वाद्याचं नाव येतं, मग स्वर. संगणकावरची आजची स्वरलेखनाची सॉफ्टवेअरं याच घराण्यातली. म्यूझस्कोरमध्ये नवा कागद घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, वाद्य कोणतं? लोकसंगीत उतरवून घेणाऱ्याची पंचाईत या साध्या प्रश्नापासून सुरू होते.

मुरबाड तालुक्यातलं म्हसा पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी सगळ्यांना माहीत आहे. खांबलिंगेश्वराचं देऊळ, बैलांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे फड. या यात्रेत आणि आसपासच्या लग्नांत वाजणारं सनई-संबळ मी काही वर्षांपासून ध्वनिमुद्रित करून कागदावर उतरवतो आहे. संगीताचं रीतसर शिक्षण झालेलं नाही, स्टाफच्या पाच रेघा वाचायला चाळिशीनंतर शिकलो. या सॉफ्टवेअरचा मोह असा की लिहिलेलं ते लगेच वाजवून दाखवतं. म्हणूनच ते कोणत्या आवाजात वाजतं याची चिकित्सा व्हायला हवी.

तो आवाज येतो साउंडफॉण्ट नावाच्या फाइलीतून. नव्वदच्या दशकात ईम्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांनी हा प्रकार रूढ केला, १९९४ च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ या साउंडकार्डामुळे तो घरोघरच्या संगणकांत पोचला. खऱ्या वाद्याचे थोडेसे स्वर ध्वनिमुद्रित करायचे, मधल्या पट्ट्यांवर ते ताणून बसवायचे, लांब स्वरासाठी मधला तुकडा गोल गोल फिरवत ठेवायचा, आणि त्या सगळ्याला एक क्रमांक द्यायचा. कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य, हे १९९१ च्या जनरल मिडी या मानक यादीत ठरलेलं आहे. यादीत जागा १२८. मिक्सरमध्ये जाऊन आपण एखाद्या भागाला आवाज नेमतो तेव्हा बहुतेक वेळा या १२८ मधलाच एक उचलत असतो.

‘फॉण्ट’ हा शब्द मला फसवा वाटतो. अक्षराचा फॉण्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. सनईचा गंधार ओबोला दिला तर तो गंधार राहतो का? आपल्याकडे स्वरावर कसं यायचं हा स्वराचाच भाग असतो, वरून चढवलेला दागिना नव्हे.

यादीत सनई आहे, ११२ व्या जागी. सतार १०५ व्या. (फाइलीच्या आत हीच सनई १११ होते, कारण यंत्र शून्यापासून मोजतं. नवख्या माणसाचा एक दिवस यात जातो.) आपलं वाद्य जगाच्या यादीत आहे याचा आधी आनंद होतो, आणि मग ते ऐकू येतं. प्रत्येक स्वर सारख्याच जोराने उमटतो, सारखाच नाकात बोलतो आणि पुढचा आला की तुटतो. दोन स्वरांमध्ये ग्लिसांडोची रेघ ओढून पोर्तामेंतो निवडता येतं, मग स्वर सलग सरकतोही. पण तो उतारावरून घरंगळल्यासारखा सरकतो. सनईवाला मध्यमावरून गंधाराकडे येताना वाटेत रेंगाळतो, जवळजवळ पोचून पुन्हा मागे झुकतो. त्या रेंगाळण्याला यादीत क्रमांक नाही. एका वयस्क सनईवाल्यांना मी त्यांचंच वाजवणं या ११२ क्रमांकाच्या आवाजात ऐकवलं, तर ते त्यांना पेटीचं वाटलं. याहून नेमकी समीक्षा मला करता आली नसती.

जोडीदार जो नुसता सूर धरून बसतो, त्याची जागा मात्र यंत्र चोख भरतं. गाल फुगवून श्वास न तोडता षड्ज धरण्याचे कष्ट त्याला नाहीत.

आता संबळ. यादीच्या तालवाद्यांच्या भागात ३५ ते ८१ या पट्ट्यांवर ४७ आवाज मांडलेले आहेत. त्यांत तबला नाही, ढोलकी नाही, मग संबळ कुठून असणार? सोयीचा मार्ग म्हणून संबळाला बोंगो नेमला जातो. कारण उघड आहे, दोन्ही जोडीने बांधलेली लहान वाद्यं, चित्रात सारखी दिसतात. पण बोंगो हाताने वाजतो आणि संबळ काठ्यांनी, त्यातल्या एका काठीचं टोक वळवलेलं असतं. काठीचा आघात हवा असेल तर ६५ आणि ६६ या पट्ट्यांवरचे टिंबाली अधिक जवळचे. दिसण्यावरून नेमणूक करायची की आघातावरून, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात संबळाची जी आकृती तयार होणार ती यावर ठरते.

नावावरून नेमणूक केली तर काय होतं याचा सर्वांत मजेदार नमुना म्हणजे बेंजो. मुंबई-ठाणे पट्ट्यात हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी लागतेच. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. लांबट खोक्यावर तारा, त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि आवाज लाउडस्पीकरमधून सोडायचा. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केलेला. यादीत १०६ व्या जागी ‘बँजो’ आहे, पण तो चामडं ताणलेला अमेरिकन बँजो. नाव बघून तो नेमला की हळदीच्या मांडवात अमेरिकेचा गाववाला येऊन बसतो. ताइशोगोतो या नावाचा अर्थ ताइशो काळातला कोतो, आणि कोतो यादीत १०८ वर आहे. म्हणजे वंशावळीने जायचं तर १०८. माझ्या कानाला मात्र २८ क्रमांकाची साधी इलेक्ट्रिक गिटार सर्वांत जवळची वाटते, कारण आपण ऐकतो तो बेंजो नुसत्या तारेचा नसून तार आणि लाउडस्पीकर यांचा मिळून झालेला असतो. लग्नातले कीबोर्डवाले हे केव्हाच जाणतात. ते पडद्यावरचं नाव वाचत बसत नाहीत. एकेक आवाज दाबून ऐकतात, मान हलवतात, पुढचा दाबतात.

एका वाद्याच्या जागी दुसरं बसवण्याचा वाद आपल्याला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पुढे क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्यासोबत श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला. देवल सरकारी नोकरीतले, मी त्यांच्याकडे थोड्या आपुलकीने पाहतो. तो खटाटोप रुजला नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली, ती काही दशकं टिकली. तरीही मैफलीत पेटी राहिली, आणि त्याचं कारण इथे कामाचं आहे. पेटीला मींड येत नाही, पण शेजारी गाणारा ती घेत असतो आणि आपला कान त्याच्यामागे जातो. बदली वाद्य खपतं ते मूळ आवाज समोर असतो म्हणून. संगणकाच्या वाजवण्यात तो समोर नसतो.

आणि तो फार काळ समोर असणारही नाही. मी ज्यांच्याकडून उतरवून घेतलं त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पुढच्या पिढीत सनई हातात घेणारं कोणी नाही. उद्या त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर आजोबांचं वाजवणं म्हणून माझ्या स्वरलेखनाची ध्वनिफाइल पोचली, तर तिच्यावर ‘सनई’ लिहिलेलं असेल आणि ऐकू येईल ११२. खोटं नाव असलेला आवाज हा परक्या आवाजापेक्षा जास्त नुकसान करतो, असं माझं मत आहे. परका आवाज निदान आपण परके आहोत हे लपवत नाही.

संबळाचं वेगळं आहे. त्याचा प्राण आघातात आहे, आणि आघात सुटासुटा टिपता येतो. पॉलिफोन नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरून मी या भागातल्या एका संबळाचा स्वतंत्र साउंडफॉण्ट बांधला. दोन्ही भांड्यांचे खुले, दाबलेले आणि कडेचे आघात, प्रत्येक हलका, मध्यम आणि जोराचा. म्यूझस्कोरमध्ये तो नेमला की लय ओळखीची वाटते, निदान संबळवाले हसत नाहीत.

सनईसाठी असं काही केलेलं नाही, करणारही नाही. सुटे स्वर टिपून ती बांधता येत नाही. समासात ‘सनई’ लिहितो, मिक्सरमध्ये ६९ क्रमांकाचा ओबो नेमतो. तोही दुहेरी पत्तीचा, आणि त्याला कोणी सनई समजण्याची भीती नाही. पहिल्या पानाच्या तळाशी तशी नोंद करतो, आणि तिच्या शेजारी मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक देतो.