हरिणाचे भय आणि प्रेक्षकाचे भय

डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ साली प्रसिद्ध झाला. रससिद्धांत आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात तपासणारा मराठीतील हा मोठा प्रयत्न होय. तो पुन्हा वाचण्याचे निमित्त आम्हांस सोलापुरातच मिळाले. येथे १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले, आणि २००४ साली या एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठही झाले. बी. ए. चे मानसशास्त्र या विद्यापीठात मानव्यविद्यांच्या शाखेत, म्हणजे मराठी व इतिहास यांच्याच घरात राहते. परंतु एका घरात राहूनही ही भावंडे एकमेकांशी बोलत नाहीत. भावनांचे प्रकरण एका वहीत, रसांची नावे दुसरीत! वाटव्यांनी या दोन वह्या एकत्र बांधल्या, हा त्यांचा उपकार लहान नव्हे.

मात्र बांधणी निरखू लागले की शंका येते. मॅक्डुगलने १९०८ साली सहजप्रवृत्ती व त्यांस जोडलेल्या मूळ भावना यांची यादी दिली. भरताच्या आठ स्थायी भावांपैकी भय, क्रोध, जुगुप्सा व विस्मय हे चार तीत सरळ सापडतात. शोक आणि हास यांपाशी ओढाताण सुरू होते. पण जुळणी पुरी झाली, तरी काय साधले? परीक्षक विलायतेचा आणि उत्तरपत्रिका भरताची! पुढे सहजप्रवृत्तींची ती यादी मानसशास्त्रज्ञांनीच बाजूस सारली. भरत मात्र होता तेथेच आहे.

अभिनवगुप्ताने भयाचे उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे. हरिण का धावते हे मॅक्डुगल उत्तम सांगेल. पण प्रेक्षक पळत नाही. जागचा न हलता उलट त्या भयात रंगतो. ते भय धड त्याचे नव्हे, हरिणाचे नव्हे, कोणत्या एका स्थळकाळाचेही नव्हे. येथे प्रश्न काव्याने विचारावयाचा आणि उत्तर मानसशास्त्राने शोधावयाचे. वाटव्यांनी बहुतेक ठिकाणी ही दिशा उलटी धरली, असे आमचे नम्र मत आहे.

सोलापुरास तर याहून अवघड उदाहरण घरचेच आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले गेले. त्यांच्या पुतळ्यांवरून शाळेस जाणाऱ्या मुलास ती हकीकत आजोबांच्या तोंडून ऐकताना जे वाटते, ते घरातील मृत्यूचे दुःख नव्हे, आणि रंगभूमीवरील करुणही नव्हे. शोक आणि उत्साह एकाच श्वासात येतात. इतिहास वगळून ही वृत्ती मोजू म्हणणारा नेमके काय मोजील? कोणा विद्यार्थ्याने मानसशास्त्राच्या तासास हे विचारले, तर ‘अभ्यासक्रमात नाही’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. ‘रसविमर्श’ त्याच्या हाती द्यावा, आणि समासात पेन्सिलीने ग्रंथकाराशी भांडण्याची मुभाही द्यावी.