ऐकणाऱ्याचे स्थान : मराठी कहाणीतील राजकीय आशय

अद्भुतकथेच्या राजकीय आशयाचा विचार करताना ती एक प्रकारचे आवरण असते, असे सामान्यतः मानले जाते. सत्तेवर उघड टीका करणे शक्य नसते, म्हणून लेखक राजा, राक्षस आणि राजकन्या यांचा आश्रय घेतो, असा हा युक्तिवाद आहे. सोव्हिएत रशियातील येवगेनी श्वार्त्स यांचे ‘ड्रॅगन’ हे नाटक त्याचे ठळक उदाहरण होय. १९४४ साली ते रंगमंचावर येताच त्यावर बंदी आली. आवरण सेन्सॉरच्या नजरेतून सुटले नाही. तथापि, मराठीतील उदाहरणे तपासली असता हा युक्तिवाद अपुरा ठरतो. अद्भुतकथा कोणाची टिंगल करते यापेक्षा ती ऐकणाऱ्याला कोणते स्थान देते, यावर तिचे राजकारण अवलंबून असते. प्रस्तुत लेखात श्रावणातील कहाण्या आणि महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ यांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

मराठी कहाणीत परी क्वचितच भेटते, म्हणून तिला परीकथा म्हणावे का, असा आक्षेप संभवतो. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने १९१४ साली या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या आणि उपशीर्षकात त्यांना दक्षिणेतील परीकथा म्हटले. चित्रे एम. व्ही. धुरंधर यांची होती. या नामकरणात कहाणीचा श्रोता बदलला. व्रताच्या दिवशी हातात अक्षता घेऊन बसणाऱ्या प्रौढ स्त्रियांची कथा पाळण्याजवळची कथा झाली. कहाणीला बालसाहित्यात ढकलणारी ही दृष्टी पुढे मराठी समीक्षेतही रुजली. त्यामुळे कहाणीतील राजा-रयत संबंध बहुधा अभ्यासाबाहेर राहिला.

आदितवारची म्हणजे आदित्यराणूबाईची कहाणी या संदर्भात प्रथम पाहावी लागते. ब्राह्मणाच्या दोन मुलींपैकी एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप कहाणी सांगायला येतो. राणीला सवड नसते, राजा पारधीला निघालेला असतो. प्रधानाची पत्नी मात्र कहाणी ऐकते. परिणामी राणीला दारिद्र्य येते आणि प्रधानाच्या घरी ऐश्वर्य नांदते. पुढे राणी कहाणी ऐकते, तेव्हा गेलेले परत मिळते. वाटेत मोळीविक्या ती ऐकतो आणि त्याची मोळी सोन्याची होते. या कथेत दारिद्र्याचे कारण न ऐकणे हे आहे आणि उपाय ऐकणे हा आहे. मोळीचा भाव कोण ठरवतो, हा प्रश्न मोळीविक्याच्या मनात येण्यापूर्वीच मोळी सोन्याची झालेली असते. श्रोत्याने येथे मुकाट्याने ऐकावे, एवढीच अपेक्षा आहे.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने जाते. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, अशी राजाला इच्छा होते. प्रधान दवंडी पिटवतो आणि गावातील सारे दूध देवळात येते. भीतीपोटी कोणी वासरांना पाजत नाही, मुलांना देत नाही. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातील लेकरांना, वासरांना तृप्त करून खुलभर दूध आणते आणि गाभारा भरून जातो. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पाळत ठेवून तिचा हात धरतो. म्हातारी घाबरते. राजा अभय देतो, तेव्हाच ती कारण सांगते. राजाच्या हुकुमामुळे वासरांचे, मुलांचे जीव तळमळले, मोठ्या माणसांचे हाय हाय झाले, ते देवाला आवडले नाही.

सक्तीच्या वसुलीवरील ही टीका विलक्षण धारदार आहे. राजाचा हेतू पुण्याचा आहे, विरोध कोणी केलेला नाही, तरीही राज्यकारभार चुकलेला आहे आणि चूक गाभाऱ्याच्या मापाने सिद्ध झालेली आहे. परंतु ही टीका अभयदानावर उभी आहे. राजाने हात धरला नसता तर म्हातारी बोलली नसती. राजा सुधारतो, हुकूम बदलतो. हुकूम काढण्याचा त्याचा अधिकार मात्र अबाधित राहतो. विनंतीच्या राजकारणाची ही उंची आहे आणि मर्यादाही हीच.

१८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुले यांनी ही मर्यादा ओलांडली. त्यांना आवरणाची गरज नव्हती. ग्रंथात हल्ला उघड आहे. तरीही त्यांनी वामन आणि बळी यांची कथा निवडली, कारण ती श्रोत्याच्या घरात आधीपासून होती. बळीचे राज्य पुन्हा यावे, हे मागणे बायाबापड्यांच्या तोंडी होतेच. फुल्यांनी या मागण्याला इतिहासाचा दर्जा दिला. तीन पावलांत पृथ्वी व्यापणारा बटू आक्रमक ठरला आणि पाताळात दडपलेला दैत्य रयतेचा न्यायी राजा ठरला. खंडोबा, म्हसोबा ही रानावनातील दैवते त्याचे अधिकारी झाली. त्यासाठी फुल्यांनी मांडलेल्या शब्दव्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यामुळे ग्रंथातील कथनाची रचना दुर्बल होत नाही.

ती रचना संवादाची आहे. धोंडीबा ऐकतो, पण शंका काढतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्याला कोणी अभय दिलेले नाही, कारण येथे ते कोणी द्यावे अशी व्यवस्थाच नाही. कहाणीत प्रश्न विचारण्यासाठी राजाची कृपा लागते. ‘गुलामगिरी’त प्रश्नाशिवाय कथा पुढे सरकत नाही. चांगला राजा ही कल्पना बळीच्या रूपाने येथेही शिल्लक राहते, हे खरे. परंतु चांगले कोणाला म्हणायचे, हे ठरविण्याचा अधिकार श्रोत्याकडे येतो.

विक्रोळीलगतच्या घाटकोपरच्या चिरागनगरात अनेक वर्षे राहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात हीच पद्धत एका प्रतिमेपुरती वापरली. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, असे त्यांनी सांगितले. पुराणातील चित्र त्यांनी पुसले नाही. भार वाहणारा कोण, एवढेच बदलले आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या हाताकडे पाहायला लावले.

श्वार्त्स यांच्या नाटकाचा शेवटही याच दिशेने जातो. ड्रॅगन मारला जातो, पण नगराध्यक्ष त्याच्या जागी बसतो, कारण नागरिकांना मुकाट्याने ऐकण्याची सवय लागलेली असते. त्यामुळे प्रत्येकाच्या आतला ड्रॅगन मारण्याचे काम शिल्लक उरते.

या विवेचनावरून कहाणीच्या अध्यापनाबाबत एक निष्कर्ष निघतो. व्रतवैकल्य म्हणून तिला टाकणारी पुरोगामी समीक्षा आणि श्रद्धा म्हणून तिला जपणारी पारंपरिक समीक्षा, या दोन्ही दृष्टी म्हातारीने राजाला दिलेले उत्तर ऐकत नाहीत. वर्गात खुलभर दुधाची कहाणी शिकविली जाते, तेव्हा गाभारा का भरला, यासोबत म्हातारी तीन सोमवार गप्प का राहिली, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विद्यार्थ्याने विचारला, तर धोंडीबाची जागा रिकामी राहिलेली नाही, असे समजता येईल.