कँटोना पोस्टमनच्या खोलीत येतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मॉलमध्ये मी मँचेस्टर युनायटेडच्या एका निवृत्त खेळाडूला भेटलो. ‘भेटलो’ हा शब्द जरा सैलच वापरतोय. पुण्याहून पहाटेची बस, चार तासांची रांग आणि मग आठ सेकंद. त्याला काय म्हणायचं ते वाक्य मी रांगेत उभ्या उभ्या मनात घोळवत होतो. एकच वाक्य, पण घासूनपुसून लख्ख केलेलं. माझा नंबर आला तेव्हा आयोजकांच्या माणसाने हातातून फोन घेतला, फोटो काढला, फोन परत दिला. खेळाडू हसला, ‘थँक यू, मेट’ म्हणाला आणि माझ्या मागच्या मुलाकडे वळला. माझं वाक्य तोंडातच राहिलं. फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघतोय आणि तोही कॅमेऱ्याकडेच बघतोय. आम्ही एकमेकांकडे बघितल्याचा पुरावा कुठेच नाही.

फोटोला लाइक्स बक्कळ मिळाले. पण परतीच्या बसमध्ये, लोणावळा मागे पडेपर्यंत, आपण काहीतरी विसरून आलोय असं वाटत राहिलं. मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल मला टीव्हीने नाही, पेठेने दिला. त्यामुळे खेळाडूला भेटणं म्हणजे काय, याची माझ्या डोक्यात एक वेगळीच व्याख्या होती. ती काय, हे मला त्याच आठवड्यात केन लोचचा ‘लुकिंग फॉर एरिक’ बघताना लक्षात आलं. त्या व्याख्येकडे शेवटी येतो, आधी सिनेमा.

सिनेमा २००९चा. कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. पटकथा पॉल लॅव्हर्टीची. नायक एरिक बिशप (स्टीव्ह एव्हेट्स) हा मँचेस्टरमधला पोस्टमन. सुरुवातीलाच तो राउंडअबाउटला उलट्या दिशेने गाडी घालतो आणि हॉस्पिटलमध्ये पोचतो. घरी दोन सावत्र मुलं, वाट्टेल तो पसारा, आणि याचं ऐकणारं कुणी नाही. पोस्टातले मित्र त्याला सावरायला बघतात. त्यातला मीटबॉल्स एक सेल्फ-हेल्पचं पुस्तक आणतो आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावतो. आपल्याला ज्याच्यासारखं असावंसं वाटतं, त्या माणसाच्या नजरेतून स्वतःकडे बघा म्हणतो. बिशप निवडतो एरिक कँटोनाला. मग एका रात्री, सावत्र मुलाने लपवून ठेवलेला गांजा ओढत तो भिंतीवरच्या पोस्टरशी बोलत बसतो, आणि बघतो तर खोलीत खुद्द कँटोना. ही भूमिका कँटोनाने स्वतःच केलीय.

लोच इथे चमत्काराचा गाजावाजा करत नाही. गावाहून पाहुणा यावा तसा कँटोना येतो. पुढे तो बिशपबरोबर पळायला जातो, त्याच्याशी गप्पा मारतो, त्याला न मागितलेले सल्ले देतो. वरवर बघता ही फॅनची गोड फँटसी आहे. पण मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या सिनेमात खेळाडू फॅनला प्रश्न विचारतो.

मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन कामं करतो. मी एखाद्याला ओळखतो म्हणजे तो कोण हे मला माहीत आहे. आमची ओळख आहे म्हणजे मी कोण हे त्यालाही माहीत आहे. फॅनचं सगळं दुखणं या दोन अर्थांच्या मधल्या फटीत बसलेलं असतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा रीड-ओन्ली ॲक्सेस आहे. वर्षानुवर्षं डेटा वाचला, पण तिकडे एक ओळ लिहिता आली नाही. प्रत्यक्ष भेटीकडून आपली अपेक्षा असते की पहिल्या ओळखीची दुसरी ओळख व्हावी, आणि तीसुद्धा आठ सेकंदांत. आपण वर्षं घेऊन जातो, समोरच्याकडे सेकंद असतात. हा हिशेब कधी जुळतच नाही. यात खेळाडूचाही दोष नाही. दिवसभरात चारशे जणांची वर्षं कोण घेऊ शकेल?

लोच हा हिशेब उलटा करतो. त्याचा कँटोना मोकळा आहे, त्याला कुठे जायचं नाही. आणि बिशप त्याच्यासमोर कँटोनाबद्दल बोलता बोलता हळूहळू स्वतःबद्दल बोलायला लागतो.

ही फट नेहमी एवढीच रुंद होती असंही नाही. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. म्हणजे मैदानातला माणूस आणि स्टँडमधला माणूस यांच्या राहणीत फार अंतर नव्हतं. मग मर्यादा उठली, १९९२मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला. कँटोना युनायटेडमध्ये आला तो त्याच पहिल्या सीझनमध्ये, नोव्हेंबर १९९२ला. त्या सीझनला क्लबने २६ वर्षांनी लीग जिंकली. १९९७मध्ये तो तिशीतच निवृत्त झाला, तोवर पाच सीझनमध्ये चार लीग झाल्या होत्या. बिशप हे सगळं स्टँडमधून बघितलेला माणूस आहे. सिनेमा सुरू होतो तेव्हा त्याला तिकीट परवडेनासं होऊन बरीच वर्षं झालीत. स्टेडियममध्ये काही तास तरी बाकीचं सगळं विसरता यायचं, हे तो कँटोनाला सांगतो ती या सिनेमातली सगळ्यात दुखरी जागा आहे.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. पबमधल्या एका प्रसंगात पोस्टमन मंडळी क्लबच्या मालकांवरून कडाकडा भांडतात. ग्लेझर कुटुंबाने युनायटेड विकत घेतल्यावर चिडलेल्या फॅन्सनी २००५मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, तो वाद तिथे येतो. प्रसंग झकास आहे. पण हा वाद कँटोनापर्यंत पोचत नाही. ज्या काळाने बिशपला स्टेडियमबाहेर काढलं, त्याच काळाचा तू सगळ्यात देखणा चेहरा होतास, असं त्याला कुणी म्हणत नाही. खोली बिशपची, कल्पना बिशपची, तरी हा प्रश्न तो गिळतो. मॉलमध्ये मीही असा प्रश्न विचारला नसता, हे मान्य. पण लोचकडून मला जास्त अपेक्षा होती.

दुसरी तक्रार २५ जानेवारी १९९५बद्दलची. सेलहर्स्ट पार्कवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध रेड कार्ड मिळून बाहेर पडताना कँटोनाने शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर उडी मारून लाथ घातली. खेळाडू आणि प्रेक्षक यांची फुटबॉलच्या इतिहासातली ही बहुधा सगळ्यात प्रसिद्ध प्रत्यक्ष भेट. त्यासाठी सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आणि १२० तासांची समाजसेवा. ती समाजसेवा म्हणून त्याने लहान मुलांना फुटबॉल शिकवलं. म्हणजे एकाच वर्षात एका प्रेक्षकाला लाथ, आणि मग पोरासोरांबरोबर कितीतरी तास मैदानावर! कुठल्याही पटकथाकाराला हेवा वाटावा असा ऐवज. सिनेमात मात्र त्यातून उरतं ते बंदीच्या काळात शिकलेलं ट्रम्पेट. तो ते वाजवतो, आपण हसतो, विषय संपतो. बिशपचा कँटोना कधी कंटाळत नाही, कधी चिडत नाही. खरा माणूस चिडतो. लाथ मारणारा कँटोना त्या खोलीत आला असता तर गप्पा कशा झाल्या असत्या, हे मला बघायचं होतं.

तरी हा सिनेमा मी तीनदा बघितलाय, आणि त्याचं कारण एक पास. बिशप विचारतो, तुझा सगळ्यात सुंदर क्षण कुठला? आपण मनात गोल मोजायला लागतो. कँटोना म्हणतो, गोल नाही, पास. १९९३च्या जानेवारीत टॉटनहॅमविरुद्ध त्याने डेनिस अर्विनला दिलेला पास. चेंडू बचावपटूंच्या डोक्यावरून अलगद जातो आणि अर्विन गोल करतो. बिशपचा पुढचा प्रश्न खास फॅनचा आहे. त्याने मिस केला असता तर? कँटोनाच्या उत्तराचा मथितार्थ असा की सोबत्यावर विश्वास टाकावाच लागतो, नाहीतर आपलं काही खरं नाही.

इथून सिनेमा वळतो. बिशपचं खरं दुखणं कँटोना नाहीच. खूप वर्षांपूर्वी तो आपली पहिली बायको लिली आणि तान्ही मुलगी यांना सोडून पळाला होता. आता नातीला सांभाळायच्या निमित्ताने त्याला लिलीसमोर उभं राहायचंय आणि त्याचे पाय लटपटतायत. म्हणजे कँटोनाशी झालेल्या भेटी ही नेट प्रॅक्टिस होती. मॅच लिलीबरोबर आहे. हिरोला भेटण्याची आपली धडपड कधी कधी दुसऱ्या कुणाला तरी न भेटण्याची सबब असते, हे लोचने फार हळुवारपणे दाखवलंय.

यासाठी लोचचाच १९६९चा ‘केस’ आठवून बघा. त्यात शाळेतला पीटीचा मास्तर लाल जर्सी घालून स्वतःला बॉबी चार्लटन समजतो, आणि त्या नादात पोरांना धक्के मारतो, छळतो. हिरो अंगात आला की माणूस काय करतो, ते तिथे दिसलं होतं. चाळीस वर्षांनी लोचने तोच क्लब घेतला, तीच लाल जर्सी घेतली, पण या वेळी अंगात आलेला हिरो माणसाला माफी मागायला शिकवतो.

शेवट मात्र मला गोंधळात टाकतो. बिशपच्या मुलाला एक गुंड पिस्तूल लपवायला लावतो, घर धोक्यात येतं. मग बसगाड्या भरून युनायटेडचे फॅन कँटोनाचे मुखवटे घालून गुंडाच्या घरात घुसतात, तोडफोड करतात, त्याची जिरवतात. त्या गर्दीत एका मुखवट्याखाली खरा कँटोनाही असतो. पास आता सगळ्या संघाकडे गेला, असा त्याचा अर्थ. थिएटरमध्ये टाळ्या पडाव्यात असाच प्रसंग आहे. मी हसलो आणि लगेच पोटात गोळा आला. कारण फॅन्सचा जमाव एखाद्या घरावर चालून जातो तेव्हा काय होतं, हे मी बघितलंय. त्या जमावात मी होतो.

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी अशी तालमींची आणि मंडळांची नावं हीच संघांची नावं असतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ रिकामी होते. आमच्या संघाचा नऊ नंबर आमच्याच गल्लीमागे राहायचा. सकाळी उद्यमनगरात लेथवर, संध्याकाळी मैदानावर. त्याला भेटायला रांग नव्हती. तो चहाच्या टपरीवर सापडायचा, आणि सहामाहीत मला गणितात किती पडले हेही त्याला माहीत असायचं. माझ्या डोक्यातली व्याख्या ती हीच. पण अशा ओळखीची किंमतही असते. मँचेस्टरच्या खेळाडूचं घर मला माहीत नाही, याचं घर माहीत होतं.

मी अकरा वर्षांचा असताना फायनलमध्ये त्याने पेनल्टी बाहेर मारली. त्या रात्री तीस-चाळीस जण त्याच्या दारात जाऊन ओरडले. आतला दिवा विझला. त्याची आई दाराशी येऊन नुसती उभी राहिली. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला. मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. सुट्टीत घरी गेलो की मागच्या गल्लीने जाणं टाळायचो.

सिनेमा बघितल्यानंतरच्या दिवाळीत टाळलं नाही. तो टपरीवरच होता. केस पांढरे झालेत, लेथ अजून चालू आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, “दादा, त्या रात्री दारात मीपण होतो.”

त्याने चहा बशीत ओतला. “व्हय की,” तो म्हणाला. “समद्यात बारीक आवाज तुझाच हुता. तवाच वळखला हुता मी.”

मग त्याने आणखी दोन चहा सांगितले आणि वडलांची शुगर आता किती असते ते विचारलं.