‘हाताने उतरवलं’ म्हणजे नेमकं काय? ‘डिजिटल अपोलो’ वाचताना

अपोलोच्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: तुमच्या खिशातला मोबाईल त्याच्यापेक्षा लाखो पटींनी ताकदवान आहे. वाक्य खोटं नाही. त्या यंत्राची बदलता येणारी मेमरी 2,048 वर्डची होती, कायमची 36,864 वर्डची, आणि एक वर्ड 16 बिटांचा. पण संशोधनाला हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यातून पुढचा प्रश्नच निघत नाही. लहान आकडा, मोठा आकडा, कमाल आहे बुवा, विषय संपला.

डेव्हिड मिंडेल यांचं ‘डिजिटल अपोलो’ (एमआयटी प्रेस, 2008) मी तुम्हाला वाचायला सांगते ते याचसाठी. ते वेगळंच विचारतात: चंद्रावर उतरताना यान चालवत कोण होतं, माणूस की प्रोग्रॅम? हा प्रश्न पकडून ते थेट अपोलोवर येत नाहीत. आधी वैमानिक स्वतःला काय समजत होते तिथे जातात. विमानाच्या सुरुवातीच्या काळातला ‘शोफर’ आणि ‘एअरमन’ असा भेद, मग टेस्ट पायलटांची संघटना, मग एक्स-15 हे रॉकेट विमान. सुरुवातीची बरीच पानं कॉम्प्युटर जवळपास दिसतच नाही. कंटाळून पुस्तक मिटू नका, कारण पुढचे तांत्रिक वाद समजायला हीच पार्श्वभूमी लागते.

उदाहरणार्थ, कॉम्प्युटर उड्डाणात बिघडला तर काय? सुरुवातीची कल्पना अशी होती की अंतराळवीर सुटे भाग बरोबर नेतील आणि वाटेत दुरुस्ती करतील. पुढे ती सोडून दिली आणि यंत्र ओलाव्यापासून वाचवायला पूर्ण सीलबंद केलं. वरवर हा निर्णय निव्वळ इंजिनिअरिंगचा वाटतो. मिंडेल दाखवतात की त्यात ‘यानात माणूस नेमका कशासाठी हवा’ याचंही उत्तर दडलेलं होतं.

पुस्तकाचा सगळ्यात भरीव भाग लँडिंगच्या डिझाइनचा. सहाच्या सहा लँडिंगमध्ये कमांडरने शेवटच्या टप्प्यात ताबा स्वतःकडे घेतला, पूर्ण स्वयंचलित पद्धतीने एकदाही कोणी उतरलं नाही. आपण म्हणतो, ‘आर्मस्ट्राँगने यान हाताने उतरवलं.’ आता ‘हाताने’ म्हणजे काय ते बघा. त्या वेळी पी-66 नावाचा प्रोग्रॅम चालू होता. कमांडर एक छोटा स्विच टिचकी मारल्यासारखा हलवायचा आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला एक फुटाने कमी किंवा जास्त व्हायचा. इंजिनला किती जोर द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवायचा. यान कलवायची दांडी हातात होती खरी, पण तिचा हुकूमही सॉफ्टवेअरमधूनच थ्रस्टरपर्यंत जायचा. म्हणजे माणूस ‘काय हवं’ ते सांगत होता आणि ‘कसं करायचं’ ते यंत्र बघत होतं. ‘मॅन्युअल’ आणि ‘ऑटोमॅटिक’ ही दोन खणांची विभागणी इथे मोडते. तुमच्या विषयातही असे दोन खण असतीलच, ते असेच उघडून बघायला हवेत.

आता माझी तक्रार. सहा लँडिंगवरून मिंडेल जे मांडतात त्यात वैमानिकाची स्वप्रतिमा हे मोठं कारण ठरतं: माणसाने ताबा घेतला कारण ताबा घेणं ही त्याची ओळख होती. पटण्यासारखं आहे. पण मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला लगेच कंट्रोल कुठाय असं विचारावंसं वाटतं. माणूस नसलेली यानंही त्याच चंद्रावर उतरली होती: 1966 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत लूना 9, जूनमध्ये अमेरिकेचं सर्व्हेअर 1. सर्व्हेअर मालिकेतली सातपैकी पाच नीट उतरली. तुलना सरळ नाही, ती यानं लहान होती आणि समोरचा खड्डा बघून बाजूला वळू शकत नव्हती. पण ‘ओळख’ किती आणि ‘खड्डे चुकवायची गरज’ किती, हे वेगळं काढायला अशा उदाहरणांना मध्यभागी आणायला हवं होतं. पुस्तकाचा रोख वैमानिकांवर असल्याने ती कडेला राहतात.

दुसरी गोष्ट 1202 अलार्मची. 20 जुलै 1969 ला ईगल सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असताना पहिला अलार्म वाजला, पुढे आणखी चार: एकूण चारदा 1202 आणि एकदा 1201. अर्थ असा की कामं साचली होती आणि नवीन कामासाठी मेमरीत जागा उरली नव्हती. हॅल लॅनिंग यांनी रचलेली व्यवस्था कामांना अग्रक्रम द्यायची. अलार्म वाजला की कॉम्प्युटर स्वतःला रीस्टार्ट करायचा, महत्त्वाची कामं पुन्हा उचलायचा, बाकीची टाकून द्यायचा.

पण जागा भरली का? लोकप्रिय उत्तर: रेंडेव्हू रडारचा स्विच चुकीच्या जागी होता. या उत्तरात दोषी माणूस किंवा त्याची चेकलिस्ट. लँडिंगच्या कोडवर काम केलेले डॉन आइल्स यांनी 2004 मध्ये लिहिलेला लेख वाचा, चित्र बदलतं. रडार आणि कॉम्प्युटर यांना मिळणारे 800 हर्ट्झचे दोन वीजपुरवठे एकाच फ्रीक्वेन्सीला बांधलेले होते, पण त्यांच्या फेजचा मेळ घालायचा असं जोडणीच्या दस्तऐवजात लिहिलेलंच नव्हतं. फेज जुळली नाही की कॉम्प्युटरला खोट्या पल्सचा मारा सुरू, सेकंदाला 12,800 पर्यंत. त्यात सुमारे 13 टक्के वेळ वाया. त्यावर ऑल्ड्रिन यांनी मागवलेल्या एका डिस्प्लेने थोडी भर घातली.

चेकलिस्ट उघडली तर माणसाची चूक दिसते, जोडणीचा दस्तऐवज उघडला तर दोन संस्थांमधली फट दिसते, कोड उघडला तर यंत्राने ती चूक पचवलेली दिसते. माणूस-यंत्र नात्यावरच्या पुस्तकात हा प्रसंग खरा कळस व्हायला हवा. मिंडेल तो रंगवतात छान, पण त्यांचं लक्ष कॉकपिट आणि ह्यूस्टन यांच्या मधल्या संवादाकडे जास्त आहे. वीजपुरवठ्याच्या फेजमध्ये नाट्य नसतं, काय करणार.

आणखी थोडं. कायमची मेमरी रेथिऑनच्या कारखान्यात बायकांनी तारा विणून तयार केली. एक तार लोखंडी कड्यातून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0. त्यांचा उल्लेख पुस्तकात आहे, पण प्रश्न त्यांच्या बाजूने विचारलेला नाही. आणि इंजिनिअरांच्या ज्या आठवणींवर बरंच काही उभं आहे त्या साधारण तीस वर्षांनी सांगितलेल्या. अशा मुलाखती तुम्ही वापरणार असाल तर प्रत्येक दाव्याशेजारी त्या काळचा एक कागद ठेवा.

वाचायचं कसं, तर आधी जेम्स टोमायको यांचं ‘कॉम्प्युटर्स इन स्पेसफ्लाइट’ (1988) घ्या. नासासाठी लिहिलेला अहवाल आहे, रुक्ष आहे, पण जेमिनीपासून शटलपर्यंत यंत्रांची रचना स्वच्छ कळते आणि फुकट मिळतो. मग मिंडेल, आणि त्यातही अपोलो 11 च्या प्रकरणावर उडी न मारता. आइल्स शेवटी. अपोलो 11 च्या चांद्रयानाचा प्रोग्रॅम, ल्युमिनरी 099, इंटरनेटवर आहे. असेम्ब्ली कळत नसली तरी त्यातल्या टिपा वाचता येतात.