पटावरील मराठी : खेळनियमांच्या भाषेविषयी

खेळाविषयीच्या लेखनाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. खेळ कसा झाला हे सांगणारे लेखन एक, व खेळ कसा खेळावयाचा हे सांगणारे दुसरे. पहिल्यास वृत्तांत म्हणावे, दुसऱ्यास नियम. मराठीत पहिल्याची भाषा चांगली पोसली गेली. दुसऱ्याची मात्र खुंटली. हे खुंटणे शब्दांच्या दारिद्र्यामुळे झाले असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहिला असता टिकत नाही. दोष नामांकडे नाही, क्रियापदाकडे आहे. एकाच आख्यातरूपावर ग्रांथिक मराठीने नको इतका भार टाकला, आणि त्या भाराखाली खेळाचा नियम संदिग्ध झाला.

वृत्तांताच्या भाषेचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. २८ जुलै २०२५ रोजी बटूमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी कोनेरू हंपी यांना जलद डावांत हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला व त्यायोगे ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. नागपूर-वर्धा मार्गावरील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी ही वार्ता नागपूरच्या दैनिकांतून मराठीतच वाचली जाते. डाव, शह, मात, प्यादे, बरोबरी या शब्दांपाशी तेथला वाचक अडत नाही. जो बुद्धिबळ खेळत नाही त्यालाही शह-काटशह ठाऊक असतो. कारण ही परिभाषा राजकारणाच्या बातम्यांतून त्याच्या कानांवर रोज पडत असते. फासे उलटे पडणे, डाव साधणे, डाव मोडणे, रडीचा डाव खेळणे हे प्रयोग तर खेळ विसरल्यावरही भाषेत उरले आहेत. इतकी समृद्ध सामग्री जिच्यापाशी आहे तिला खेळाचे शब्द नाहीत असे कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू. गेल्या अर्धशतकात पटखेळांचे एक नवे विश्व उभे राहिले आहे. अमेरिकेत १९६८ साली लेक जिनीव्हा या गावी सुरू झालेले जेनकॉन, जर्मनीत १९८३ पासून एसेन येथे भरणारा खेळमेळा, आणि त्यांच्या वळणावर मुंबईत भरू लागलेली मीपलकॉनसारखी संमेलने ही त्याची ठळक स्थाने होत. या संमेलनांची वार्ता मराठीत क्वचित येते, आणि त्यांतील खेळांच्या नियमपुस्तिका जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीत असतात. तथापि संमेलनात प्रत्यक्ष काय घडते याकडे भाषाभ्यासकाने लक्ष दिले पाहिजे. चार अनोळखी माणसे एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक, ज्यास खेळ येतो तो, पाव घटकेत नियम तोंडी सांगतो. आणि खेळ सुरू होतो. पुस्तिका उघडली जाते ती तंटा झाला म्हणजे. म्हणजे या साऱ्या व्यवहाराचा पाया मौखिक आहे. लिखित नियम हा त्यातील पंच होय.

हीच रीत सेलूच्या अंगणातही आहे. पाच-पाच घरांचा चौकोनी पट कोळशाने किंवा खडूने आखावा, फोडलेले चिंचोके किंवा कवड्या हाती घ्याव्यात आणि डाव मांडावा, हा खेळ महाराष्ट्रात कोठे चल्लस आठ, कोठे अष्टाचम्मा अशा नावांनी ओळखला जातो. तो नव्या भिडूला शिकविताना वर्ध्याकडच्या बोलीत वाक्ये साधारण अशी पडतात : ‘आठ पडले का सोंगटी काढाची. फुलीच्या घरात मारता येत नाही. मारल्याबिगर आत जाचं नाही. एकदा दान फिरून टाकलं तर चालते.’

या चार वाक्यांत चार निरनिराळ्या क्रियारचना आहेत, आणि त्या सहज म्हणून आलेल्या नाहीत. ‘काढाची’ हे बंधन आहे. तेथे खेळणाऱ्यास पर्याय नाही. ‘मारता येत नाही’ ही अशक्यता आहे. तशी खेळी झालीच तर ती खेळीच नव्हे. ‘जाचं नाही’ हा निषेध आहे. ‘चालते’ ही सवलत आहे, आणि ती त्या मंडळीपुरती आहे. दुसऱ्या अंगणात चालेलच असे नाही. बंधन, अशक्यता, निषेध व सवलत हे जे चार भेद नियमशास्त्राच्या अभ्यासकाने करावेत ते येथे अशिक्षित आजीबाईच्या तोंडी केवळ क्रियापदाच्या बळावर स्पष्ट झाले आहेत.

तेच नियम ग्रांथिक मराठीत उतरविले म्हणजे काय होते ते पाहावे : ‘आठ पडल्यावर सोंगटी काढावी. फुलीच्या घरातील सोंगटी मारू नये. एक सोंगटी मारून मग आत जावे. दान एकदा पुन्हा टाकावे.’ वाक्ये निर्दोष आहेत, सभ्य आहेत, आणि खेळण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहेत. आठ पडल्यावर सोंगटी काढावी म्हणजे काढलीच पाहिजे, की काढणे हिताचे? फुलीच्या घरात मारू नये म्हणजे मारता येत नाही, की मारणे शिष्टसंमत नाही? दान पुन्हा टाकावे ही आज्ञा, की मुभा? मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात ज्या रूपाचा विध्यर्थ म्हणून विचार केला त्याच्या पोटात कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ नांदतात हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. निबंधात हे नांदणे शोभून दिसते. पटावर त्याचे भांडण होते.

इंग्रजी नियमपुस्तिकांचे सारे बळ ‘करता येईल’ आणि ‘केलेच पाहिजे’ या दोन सहायक क्रियापदांच्या काटेकोर भेदावर उभे असते. मराठीत असा भेद करता येत नाही, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. ती सेलूच्या अंगणात जाऊन मागे घ्यावी लागेल. शिवाय व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता ‘करावे’ आणि ‘करावयाचे’ ही एकाच घरची रूपे आहेत. संस्कृत ‘-तव्य’ प्रत्ययापासून पहिले आले. त्याच्याच सामान्यरूपास ‘चा’ लागून दुसरे सिद्ध झाले. आणि ‘करायचे’, ‘कराचं’ ही त्याचीच झिजलेली रूपे. बोलीने यांतील दुसऱ्याला नियमाचे काम दिले व पहिल्याला उपदेशाचे. ग्रंथाने दोन्ही कामे पहिल्याच्याच माथी मारली.

ग्रंथाने असे का केले असावे? एक कारण परंपरेत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ मराठीच्या अभ्यासकास परिचित असतो तो त्यातील प्राचीन मराठी गीतांच्या नमुन्यांमुळे. परंतु त्याच ग्रंथात बुद्धिबळ, फासे व कवड्या यांच्या खेळांचीही प्रकरणे आहेत, आणि ती संस्कृतात आहेत. गाणे देशीत, नियम संस्कृतात, अशी ही वाटणी तेव्हापासूनची. १८७१ साली औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हरिकृष्ण यांनी क्रीडाकौशल्य लिहिले तेही संस्कृतातच. १९०५ च्या देवधरांच्या मराठी खेळांच्या पुस्तकापासून पुढे खेळ मराठीत लिहिले जाऊ लागले खरे, पण मराठी नियमलेखनाची सर्वसाधारण धाटणी विधिवाक्याचीच राहिली. धर्मशास्त्रात विधीला मागे परंपरेचा आधार असतो, त्यामुळे तेथे संदिग्धता निभावते. खेळात मागे कोणी नसते; समोर बसलेला प्रतिपक्षी तेवढा असतो, आणि त्याला हरावयाचे नसते.

दुसरे कारण सामाजिक आहे. खेळ आणि द्यूत यांची गल्लत आपल्या शिष्ट समाजाने फार काळ केली. सेलू तालुक्यातील केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी लोकश्रुती आहे. पांडव तेथे आले ते फाशांनी सर्वस्व हिरावून घेण्याच्या पुष्कळ आधी. आद्य मराठी गद्यग्रंथ जे लीळाचरित्र, त्यातही चक्रधरांच्या पूर्वायुष्यातील हरिपाळदेव द्यूतात हरतात, पत्नी कमळाइसा दागिने देण्याचे नाकारते, आणि तेथून विरक्तीची वाट सुरू होते. पत्ते खेळणे याला मराठीत ‘पत्ते कुटणे’ म्हणतात, यातच सारे आले. कोजागरीच्या रात्री अक्षक्रीडा शास्त्राने सांगितली आहे, वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत, खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरून बारा वर्षे बाणाईच्या घरी राहतो. देवांना मुभा आहे. माणसांच्या खेळाचे नियम नीट लिहून ठेवणे मात्र विद्वानाला आपले काम वाटले नाही.

याचे फळ सावंतवाडीत दिसते. दशावतारी गंजिफाची एकशेवीस पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकी पाने. पाच रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा रामाने उतरावयाचे, रात्री कृष्णाने. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत ही चित्रकला पुन्हा उभी केली, आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाने वाचली, ही मोठीच गोष्ट. परंतु ती विकत घेणारे पुष्कळ आणि खेळणारे थोडे, अशी आजची स्थिती आहे. चित्र नकलून शिकता येते. खेळ बोलून शिकावा लागतो, आणि बोलणारे गेले की लिखितावर भार येतो.

सर्वच खेळांना ही अडचण सारखी नाही. मोक्षपट घ्या. त्याचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. त्यास समकालीन लेखी आधार नाही. त्या पटावर सोंगटी कोठे जाईल हे दान ठरविते, खेळणारा ठरवीत नाही. जेथे निवडच नाही तेथे मुभा आणि बंधन यांचा भेद करण्याचे कारणही पडत नाही. घरांवरील सद्गुण-दुर्गुणांची नावे वाचता आली की पुरे. संमेलनांतील आजचे खेळ याच्या अगदी उलट टोकाला आहेत. त्यांत प्रत्येक पाळीला निवड आहे, आणि निवड म्हणजे ‘चालते का?’ हा प्रश्न.

नामांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, यास्तव त्याविषयी थोडेच. युरोपीय पत्ते मराठीत आले तेव्हा कोणी परिभाषा-समिती नेमली नव्हती. इस्पिक व किलवर कानाने घेतले, बदाम व चौकट डोळ्याने. लाल पानावरील आकृतीला कोणी हृदय म्हटले नाही. जे दिसले ते नाव दिले. आज नव्या खेळांचे भाषांतर करू पाहणारे लोक ‘संसाधन-पत्रिका’ अशा घडणीचे शब्द सुचवितात, त्यांनी बदामाकडे पाहावे. कार्कासोन या २००० साली निघालेल्या खेळातील लाकडी बाहुल्यांना इंग्रजी खेळाडूंनी ‘मीपल’ असा नवा शब्द बनविला. मराठीत सोंगटी तयारच आहे. मुंबईच्या झैन मेमन यांच्या ‘शासन’ या राजकीय पटखेळाची गोष्ट अधिक मौजेची. २०१९ साली लोकवर्गणीतून पुढे आलेल्या या खेळाचे नाव देशी, पत्ते व पुस्तिका इंग्रजी. मतदार मिळविण्यासाठी तत्त्वांची देवघेव करावयास लावणाऱ्या त्या खेळाचे नाव मराठी कानाला दुहेरी वाजते, कारण मराठीत शासन म्हणजे राज्यकारभार तसाच दंडही. खेळ उत्तम रचलेला आहे. पण ज्या मतदारसंघांची ती नक्कल करतो तेथल्या मतदाराला त्याचे पत्ते वाचता येत नाहीत, हे वैगुण्य नजरेआड करता येत नाही.

अधिक खोल प्रश्न भूमिकाखेळांत उद्भवतो. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून रूढ झालेल्या या प्रकारात पट नसला तरी चालते. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि प्रत्येक भिडू आपल्या पात्राच्या वतीने बोलतो. इंग्रजीत ‘मी दार उघडतो’ हे वाक्य पुरुषाने म्हटले काय, स्त्रीने म्हटले काय, एकच. मराठीत क्रियापद लिंग सांगते. स्त्रीपात्र घेतलेला सेलूचा मुलगा ‘उघडते’ म्हणाला की बोलतो आहे ते पात्र. ‘उघडतो’ म्हणाला की भिडू पात्राबाहेर आला. दशावतारी नाटकातील स्त्रीपार्टी हेच करीत आला आहे. म्हणजे जो भेद इंग्रजी मेजावर आवाज बदलून किंवा हात वर करून दाखवावा लागतो, तो मराठीत एका स्वरावर दाखविता येतो. त्याची किंमतही आहे : बावचळलेल्या नवशिक्याचे लिंग मध्येच घसरते, आणि तो पात्र म्हणून बोलला की स्वतः म्हणून, यावर डाव अडतो. मुलांच्या खेळात अशा नवशिक्याला कच्चे लिंबू म्हणतात. त्याची चूक धरावयाची नाही, हा नियम सर्वांना ठाऊक असतो.

संबोधनाचे तसेच. पात्र राजाला तू म्हणेल, तुम्ही म्हणेल की आपण, आणि सूत्रधार थोरला असून दरोडेखोराची भूमिका करीत असेल तर धाकट्या भिडूने त्याला अरे-तुरे करावयाचे की नाही, याविषयी मूळ पुस्तिका मौन आहे, कारण तिच्या भाषेत हा प्रश्न उठतच नाही. मराठी पुस्तिकेला तो नियम स्वतःचा लिहावा लागेल, आणि तो लिहिताना ‘म्हणावे’ वापरावयाचे, ‘म्हणायचे’ वापरावयाचे की ‘म्हटले तर चालते’ म्हणावयाचे, हे आधी ठरवावे लागेल.